चौतीस ऐकून ४३ लिहितात, काय करावं?

प्रश्न: दुसरीचा वर्ग. वाचताना ३४ बरोबर वाचतात, पण श्रुतलेखनात निम्मी मुलं ४३ लिहितात. दहा-दहा वेळा लिहून घेतलं तरी तेच.

उत्तर १: लिहून घेणं थांबवा. कानाला ‘चौ’ आधी येतो, म्हणून हात ४ आधी लिहितो. मध्ये मांडणी घाला. दोघांत ९ गठ्ठे (दहा काड्या, एक रबर) आणि ९ सुट्या काड्या. संख्या ऐकायची, काड्या मांडायच्या, मगच लिहायचं. गठ्ठे मुलाच्या डावीकडे हवेत. तुम्ही समोर बसून मांडून दाखवलंत तर सगळं उलटं दिसतं. गठ्ठे मुलांनीच बांधावेत. अकरा काड्यांचा गठ्ठा हमखास निघतो, तेव्हा शेजाऱ्याकडून मोजून घ्या.

उत्तर २: याला जोडून संख्याकार्डं. १० ते ९० ची कार्डं १२ सेंमी रुंद, १ ते ९ ची ६ सेंमी. ३० वर उजव्या कडेला ४ ठेवला की शून्य झाकला जातो. कापताना ४ चं कार्ड अरुंद झालं तर शून्य डोकावतो, आणि मग ३०४ लिहिणारे तयार होतात.

उत्तर ३: चाचणीत २२, ५५ देऊ नका, चूक लपते. एकोणतीस वगैरे शेवटी घ्या. तिथे ३९ लिहितात, ती चूक वेगळी. तीन गठ्ठे ठेवून एक काडी काढायला सांगा. गठ्ठा सोडावाच लागतो. १९ ते ८९ पर्यंत हे चालतं, ९९ मात्र वेगळा शिकवा.