मदत हवी आहे: एमएसएक्स-२ वर ८० कॉलमची अक्षरे कडेला कापली जातात

नमस्कार मंडळी. जुना एमएसएक्स-२ (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) एलसीडी टीव्हीला जोडला आहे. त्याच्या बेसिक भाषेत 'स्क्रीन ०' (फक्त अक्षरांचा पडदा) आणि 'विड्थ ४०' (एका ओळीत ४० अक्षरे) ठेवले की सगळे नीट दिसते. 'विड्थ ८०' केले की डावीकडचे पहिले अक्षर अर्धे गायब आणि उजवीकडचे शेवटचेही कडेला टेकलेले.

चित्राची जागा बदलणारी 'सेट ॲडजस्ट' ही आज्ञा वापरून पाहिली. त्यात आडवे-उभे दोन्ही आकडे −७ ते ८ पर्यंत देता येतात, पण त्याने चित्र फक्त सरकते, लहान होत नाही. डावी बाजू सुधारली की उजवी जाते! सध्या 'विड्थ ७६' वर भागवतोय, पण ८० कॉलम गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम त्यात विस्कटतात.

उंचीची तक्रार नाही. 'व्हीडीपी(१०)=२' (चित्र सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा काढायला लावणारी आज्ञा) दिल्यावर ५० हर्ट्झला वर-खाली काळी पट्टी वाढते, ६० ला चित्र उंच दिसते, एवढाच फरक. रुंदी मात्र तशीच.

म्हणजे दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा (टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा कापतो त्याचा) असावा, असे मला वाटते. टीव्हीच्या मेन्यूत आकाराचा पर्याय फक्त एचडीएमआयसाठी उघडतो, संगणक ज्या जुन्या आरजीबी स्कार्ट जोडणीवर आहे तिच्यासाठी नाही. (असे का करतात देव जाणे.) मधे स्कॅन कन्व्हर्टर (जुना सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारी डबी) लावला तर अक्षरे पुसट न होता पूर्ण रुंदी मिळते का? कुणी ८० कॉलमला वापरला आहे का?

आणखी एक. 'सेट स्क्रीन'ने जपलेली मांडणी मशीन बंद केल्यावर पुसली जाते. ती जपणाऱ्या घड्याळाच्या चिपची बॅटरी संपली असेल, की आधी दुसरे काही तपासावे?