शिंगलखाली काय आहे ते आधी पाहा

घराचं छप्पर बदलायला वेगवेगळे कंत्राटदार जी कोटेशन देतात, त्यांच्यातला फरक निव्वळ शिंगलच्या (छपरावर एकावर एक चढवून ठोकायच्या पातळ तुकड्यांच्या) ब्रँडमुळे पडतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या पावसाळी सिएटल-पोर्टलंड भागात खर्च खरा वाढतो तो शिंगलच्या खाली. इथल्या बऱ्याच जुन्या घरांवर मूळ छप्पर सीडरच्या लाकडी शिंगलचं होतं, आणि त्याखाली कोकणात कौलांना रिपा असतात तशा फटी ठेवून पट्ट्या ठोकलेल्या असायच्या, म्हणजे लाकूड खालूनही वाळायचं. डांबरी शिंगलला मात्र सलग पाया लागतो. त्यामुळे असं छप्पर बदलताना सगळीकडे प्लायवूड घालावं लागतं. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे २००० चौरस फुटांच्या छपराला कापाकापी सोडून ६३ शीट. पोटमाळ्यात टॉर्च घेऊन वर बघा, पट्ट्यांमधल्या फटी लगेच कळतात.

आधीच प्लायवूड असेल तरी कुजलेली शीट बदलायचा दर करारात लिहून घ्याच, कारण जुनं छप्पर उतरवल्यावर घासाघीस करायला वेळच नसतो, पाऊस डोक्यावर असतो. आणि बाथरूमचा पंखा पोटमाळ्यातच हवा सोडत असेल तर त्याच कामात नळी छपराबाहेर काढून घ्या. हिवाळाभर ती वाफ थंड प्लायवूडवर साचते आणि नवं छप्परही आतून सडवते.