मदत हवी आहे : नवरात्राचा उपवास, ८०० मीटरची प्रॅक्टिस आणि पाय भरून येणं

नमस्कार मंडळी, मी शाळेत पीटी शिकवते, आठवी ते दहावीच्या मुलींची ४०० आणि ८०० मीटरची तयारी करून घेते. आमच्याकडे स्पर्धा नेमक्या नवरात्राच्या आसपास येतात आणि बऱ्याच मुली नऊ दिवस उपवास धरतात, काही जणी तर घरच्या रीतीप्रमाणे दिवसभर पाणी-चहावर आणि रात्री एकदाच फराळ. उपवास सोड असं मी कुणाला सांगणार नाही, श्रद्धेचा विषय आहे. पण मुलींचं नुकसान होऊ नये याची फार काळजी वाटते.

आता प्रश्न. माझी एक चांगली धावणारी मुलगी, पहिले दोन-तीन दिवस तिला चक्कर आल्यासारखं होतं पण टायमिंग जवळपास नेहमीचंच येतं. पुढे चक्कर कमी होते आणि टायमिंग ढासळतं, दुसऱ्या-तिसऱ्या रिपीटलाच (तेच अंतर थोडं थांबून पुन्हा पळताना) पाय भरून येतात. असं उलटं का? पोटात काही नाही तर पहिल्याच दिवशी पाय थांबायला हवेत ना? आणि पालक रेसच्या दोन मिनिटं आधी ग्लुकोज पावडर पाजतात त्याचा काही उपयोग असतो का? तिसरं म्हणजे दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या की सगळे लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात, ते खरं का? माइटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाघर एवढं पुस्तकातलं मलाही माहीत आहे हो, पण ग्राउंडवर त्याचं काय करायचं ते कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपीच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवतो. तुम्ही पाहिलंय ते अगदी बरोबर आहे, कारण शरीरात साखरेचे साठे दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी रिकामे होतात.

लिव्हरमध्ये मोठ्या माणसाच्या साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) असतं, सगळ्या स्नायूंत मिळून ४०० च्या आसपास. लिव्हरचं काम रक्तातली साखर टिकवणं, म्हणजे मुख्यतः मेंदूची सोय. तो साठा रात्रभरात बराच उतरतो आणि चोवीस तास काही खाल्लं नाही तर जवळजवळ संपतो, म्हणून सुरुवातीला चक्कर. पुढे शरीर चरबीवर जास्त भागवायला लागतं त्यामुळे ते जरा कमी होतं. पण मांडीतलं ग्लायकोजेन नुसत्या उपाशी राहण्याने फारसं हलत नाही, ते हलतं पळण्याने. रोज प्रॅक्टिस आणि रात्री एकदाच थोडं खाणं, म्हणजे रोज खर्च जास्त आणि भरणा कमी, आणि काही दिवसांनी पाय बोलतात. शिवाय स्नायूकडे साठ्यातली साखर परत रक्तात सोडायचं एन्झाइमच नसतं, त्यामुळे हाताचं ग्लायकोजेन पायाच्या मदतीला येत नाही. १९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघांनी हे स्वतःवरच करून पाहिलं, एकच सायकल, दोन बाजूंना दोघं, प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारून तो पाय पार दमवला, मग तीन दिवस भरपूर कार्बोहायड्रेट खाऊन दोन्ही पायांतले स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. दमवलेल्या पायात दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट ग्लायकोजेन भरलं होतं! मला हा प्रयोग फार आवडतो. दमलेला पाय साखर ओढून घेतो, फक्त ती वेळेवर मिळाली पाहिजे.

ग्लुकोज पावडरचं म्हणाल तर दोन मिनिटांत ती पोटातून पुढेही सरकलेली नसते. रेस लागायच्या आत पायात जे आहे त्यावरच मुलगी पळणार. तयार एटीपी (स्नायू थेट वापरतो ते इंधन) दोनेक सेकंदांचं, क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी झटपट परत भरून देणारा स्नायूतला छोटा साठा) आठ-दहा सेकंदांचं, बाकी ग्लायकोजेन, आणि ८०० मीटरला निम्म्याहून जास्त एटीपी ऑक्सिजन वापरूनच तयार होतो. एका ८०० ला ग्लायकोजेन फार लागत नाही, ते संपवतात रिपीट्स.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सर खूप खूप आभार, चक्कर वेगळी आणि पाय वेगळे हे आज पहिल्यांदा कळलं. मग मी नवरात्रात प्रॅक्टिस बंदच ठेवू का? आणि लॅक्टिकचं राहिलं.

प्रतिसाद

बंद नको, वेळ बदला. ज्या रात्रीच खातात त्यांची प्रॅक्टिस संध्याकाळी फराळाच्या अगदी आधी घ्या, कारण पळून झाल्यावरच्या पहिल्या दोन तासांत स्नायू साखर सर्वात वेगाने भरतो. ताटात उकडलेलं रताळं, केळी, खजूर, वरीचा भात आणि दही असू द्या. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे त्यामुळे चालतो, पण तूप-दाण्याची खिचडी रेसच्या सकाळी नको, पोटात रेंगाळते. रिपीट्स कमी करा आणि दोन रिपीट्सच्या मध्ये चार-पाच मिनिटं द्या, तेवढ्यात क्रिएटिन फॉस्फेट बहुतेक भरून येतं. पाणी पुरेसं, ऑक्टोबरचं ऊन असतं. चक्कर येतेय तिला मात्र त्या दिवशी पळवू नका.

लॅक्टेट, म्हणजे ज्याला सगळे लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, तासाभरात रक्तातून निघून जातं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, थोडं लिव्हर परत ग्लुकोज करून घेतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं, विशेषतः उतारावर पळलं की.

प्रतिसाद

धागा आत्ता पाहिला. मॅडम, मी लांब पल्ल्याची धावपटू आहे, एक भर घालते. या वयाच्या मुलींचं हिमोग्लोबिन एकदा नक्की तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असल्याने स्नायूंना ऑक्सिजन कमी पोचला की पोटभर जेवलेल्या मुलीचेही पाय असेच भरून येतात, आणि आपण दोष उपवासाला देत बसतो. साधी रक्ताची तपासणी आहे, नवरात्राच्या महिनाभर आधी केली तर डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्यांना थोडा वेळ मिळतो. क्रिएटिनचे डबे कुणी सुचवले तर शाळेतल्या मुलींना कृपया देऊ नका.

प्रतिसाद (धागाकर्ती)

ताई हे डोक्यातच आलं नव्हतं. पालकसभा याच आठवड्यात आहे, तिथेच विषय काढते आणि फराळाची यादीही वाचून दाखवते. उपवासाला चालणारं आणि रेसच्या तीन तास आधी पोटाला हलकं असं अजून कुणाला काही सुचलं तर लिहा प्लीज, एका मुलीला केळं अजिबात चालत नाही.