'धोकादायक ड्रोन', 'ड्रोनबंदी': नेमका शब्द कोणता?

टिपणवही: पोलिसांचा आदेश एकच, पण मथळे तीन: 'शहरात ड्रोनबंदी', 'ड्रोनवर निर्बंध', 'ड्रोन उडवण्यास मनाई'. तिन्ही समानार्थी का? शिवाय 'धोकादायक ड्रोन' कानाला खटकतो.

कलमकसाई: समानार्थी नाहीत. पोलीस आयुक्तांचा असतो तो 'मनाई आदेश', भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचा (जुने 144). तो दोन महिन्यांवर चालत नाही, वाढवायचा तर राज्य सरकारने वाढवायचा. मुंबईत बहुधा 30 दिवसांचा निघतो. मोडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 223, म्हणजे आदेश न पाळल्याचा गुन्हा.

'निर्बंध' शोभतो तो ड्रोन नियम 2021 ला. त्यात आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत वाटलेले. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी, लाल क्षेत्रात थेट केंद्राची. अटी पाळा आणि उडवा, असा मामला.

खरी 'बंदी' फेब्रुवारी 2022 ची: तयार ड्रोनच्या आयातीवर, संरक्षण आणि संशोधनासारखे अपवाद सोडून. सुटे भाग मात्र मोकळे. मथळ्यात 'बंदी' घुसते ती दोनच अक्षरांत भागते म्हणून.

रोटर: 'धोकादायक इमारत' म्हणजे स्वतःच पडायला आलेली. त्याच चालीने 'धोकादायक ड्रोन' म्हणजे पाते तडकलेला किंवा बॅटरी फुगलेला. घातपाताचा संशय असेल तर 'संशयास्पद', कोणाचा ते कळत नसेल तर 'अनोळखी'. आणि वजनाने धोका ठरत नाही, वर्ग ठरतो. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 पर्यंत स्मॉल. वजन धरायचे ते बॅटरी आणि लादलेल्या मालासकट. 249 ग्रॅमच्या ड्रोनला पात्यांची जाळी बसवली की तो मायक्रोत गेला. फवारणीच्या ड्रोनची टाकीही भरलेली धरायची.

टिपणवही: आणि 'दखलपात्र'? नव्या विधेयकाच्या चर्चेत तो सारखा येतो.

कलमकसाई: वादाचे मूळ तोच शब्द. 2021 च्या नियमांत कमाल दंड एक लाख रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये हरकती-सूचनांसाठी आलेल्या नागरी ड्रोन विधेयकाच्या मसुद्यात मात्र तुरुंगवासाची तरतूद आणि दखलपात्र गुन्हे. वाचणाऱ्याला वाटते, 'दखल घेण्याजोगा' म्हणजे जरा गंभीर. कायद्यात अर्थ वेगळा: वॉरंटशिवाय अटक करता येते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू होतो. सुरक्षेची बाजू म्हणते, जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली, तेव्हा हात बांधून कसे चालेल? उत्पादकांचे म्हणणे, कागदपत्रातली चूक आणि घातपात एकाच पिंजऱ्यात कशाला? दोघांनाही आपापल्या जागी आधार आहे, पण 'कडक कायदा' एवढेच छापले तर यातले काहीच पोचत नाही.

रोटर: एक राहिले. 'ड्रोन पाडला' सरसकट लिहू नये. जॅमरने, म्हणजे रेडिओ लहरी अडवणाऱ्या यंत्राने, चालकाशी असलेला दुवा तोडला तर बरेच ड्रोन उड्डाणाच्या जागी परततात किंवा तिथेच उतरतात; जीपीएसही गेले तर वाऱ्याबरोबर वाहवत जातात. तिथे 'निष्प्रभ केला' म्हणावे. गोळीने किंवा जाळ्याने खाली आणला तर 'पाडला'. आणि खाजगी माणसाने जॅमर वापरणे हाच मुळात गुन्हा.