अनुभव धागा: सरकारी शाळेत पैशाचा हिशेब शिकवताना

नागपूरच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पैशाचे व्यवहार कोणी शिकवलेत का? शिक्षक, पालक, बँकवाले, सगळ्यांनी लिहा. फसलेलं आधी.

महालची मास्तरीण
सातवीला सरळव्याज. पुस्तकी उदाहरण, द.सा.द.शे. १०. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी तं शेकडा पाच आहे." मी म्हटलं, वा, स्वस्त! "महिन्याले, मॅडम."
फळ्यावर मांडलं. १०,००० वर महिन्याला ५००, वर्षाचे ६,०००. म्हणजे द.सा.द.शे. ६०, आणि मुद्दल जिथल्या तिथं. वर्ग चिडीचूप. दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकाशी उभी. "बाई, घरातली गोष्ट फळ्यावर काहून?" चूक माझीच होती. तेव्हापासून वर्गात कळमन्याच्या संत्र्यांचाच हिशेब. घरचं कोणाचं विचारत नाही.
आई पंधरा दिवसांनी पुन्हा आली, या वेळी पदराखाली चिठ्ठी घेऊन. बचत गटाचं कर्ज महिन्याला शेकडा दोननं मिळत होतं, ते घेऊन जुनं फेडावं का, एवढंच विचारायला. पोरगी शेजारी उभी राहून महिन्याचे ३०० वाचतात हे तोंडी सांगत होती.

बर्डीवरचा निवृत्त कॅशियर
दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. शाळेत फॉर्म घेऊन गेलो. निम्मे परत! आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. शिकवायला गेलो बचत, पोरं शिकली स्पेलिंग.

पारडीकर
आम्ही एकच गोष्ट घोकून घेतली: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. आठवीतल्या एकाच्या बापाचा तर्री-पोह्यांचा ठेला. "मिलिटरीतून बोलतो, शंभर प्लेटांचा ॲडव्हान्स पाठवतो" असा फोन आला. पोरानं फोन हातात घेतला, "काका, पैसे तुम्ही देता, तं पिन आम्ही काहून टाकू?" फोन कट. आता ठेल्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर खडूनं लिहिलाय.

नवा सभासद
एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक हप्त्यानं गुंतवणूक), शेअर्स कोणीच शिकवत नाही का?

महालची मास्तरीण
शिकवू. आधी जूनअखेर शाळा उघडल्यावर वह्या उधारीवर आणाव्या लागू नयेत, म्हणून मार्चपासून डब्यात रोज पाच रुपये टाकतोय. ४१ पैकी १७ डबे अजून शाबूत आहेत.