मदत हवी आहे: टबच्या जेटमागून पाणी ठिबकतंय, तीनदा सिलिकॉन लावलं तरी थांबत नाही

टबकरी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तोही रडगाणं घेऊन, सांभाळून घ्या.

घरात ॲक्रिलिकचा टब आहे, भिंतीत सहा जेट असलेला, पंप टबातलंच पाणी ओढून परत जेटमधून सोडतो तो प्रकार. महिन्याभरापूर्वी पुढच्या पॅनलखालून पाण्याची बारीक रेघ यायला लागली. आधी वाटलं अंघोळीचं सांडलं असेल, दोन दिवस फडकं टाकून विषय मिटवला. मग शेवटी पॅनल काढलं तर आत चक्क तळं साचलेलं. टॉर्च मारून बघितलं तर डावीकडून तिसऱ्या जेटच्या बॉडीखाली एक थेंब लोंबत होता, पडायचा, परत लोंबायचा. वाटी ठेवून मोजलं तर दोन तासांत जवळजवळ भरते.

आता मी काय उद्योग केले ते प्रामाणिकपणे सांगतो. मागून, म्हणजे पॅनलच्या बाजूने, बॉडी जिथे टबच्या भिंतीला टेकते तिथे सिलिकॉनचा जाड गोल मारला. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी थेंब हजर. मग त्याच्यावरच अजून एक थर. परत तेच. तिसऱ्या वेळी बोटाने दाबून दाबून भरलं, आता तिथे वारूळ झालंय आणि वारुळाच्या बुडातून पाणी येतंय.

तर जाणकारांनी सांगा, सिलिकॉन चुकीचं घेतलं का, की टेफ्लॉन टेप गुंडाळायला हवी होती, की सरळ इपॉक्सी पुट्टी थापून मोकळं व्हावं? टब फोडून काढायची वेळ येऊ नये एवढंच. आगाऊ धन्यवाद.

स्क्रू_ढिला

वारूळ वाचून हसलो, माफ करा. पण पहिला प्रश्न, पंप चालू असताना गळतं की बंद असताना पण? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाजपंचे समजा.

टबकरी

दोन्ही वेळेला. पंप चालू केला की थोडं जोरात येतं एवढंच.

स्क्रू_ढिला

मग टब जेटच्या वर चार बोटं भरा, पंप बंद, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि पाणी उतरायचं थांबेपर्यंत तसाच ठेवा. पाणी उतरत उतरत ज्या पातळीला थांबेल त्याच पातळीला भोक आहे. जेटच्या खाली गेलं तर जेटचा दोष नाही, पंपाचं युनियन (पाइप जोडायचा मोठा नट) नाहीतर तळाचा ड्रेन बघायचा. आणि जिथे थेंब पडतो तिथेच गळती असते हे डोक्यातून काढा. पाणी पाइपाच्या पोटाला धरून हातभर चालत जातं आणि मग कुठेतरी आरामात पडतं.

गळकी_बादली

इपॉक्सी मारून टाका हो, माझ्या टाकीला मारली होती, टिकली.

निवृत्त_फिटर

बादलीताई, टाकी जाड असते आणि हलत नाही. टबची भिंत म्हणजे ३-४ मिलीमीटरचं ॲक्रिलिक आणि मागे फायबरचा थर, गरम पाणी भरलं की फुगते, गार झालं की आखडते, माणूस बसला की लवते. इपॉक्सी दगडासारखी कडक होते, ती या हालचालीबरोबर वाकत नाही, कडेने सुटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उद्या ते जेट काढायचं म्हटलं तर छिन्नी घ्यावी लागेल.

टबकरी, रागावू नका, पण मागून मारलेलं सिलिकॉन टिकणारच नव्हतं, मग ते कितीही भारी असो. कसं ते बघा. पाणी आहे टबच्या आत. ते जेटच्या पुढच्या फ्लॅन्जखालून, म्हणजे भिंतीवर टेकणाऱ्या पसरट कडेखालून, शिरतं, भोकाच्या कडेला येतं आणि तिथून मागे. तुम्ही मागे बूच मारलं म्हणजे पाणी त्या बुचाला आतून ढकलतंय, सोलून काढायचाच प्रयत्न करतंय. तेच सील पुढून असलं तर पाणीच त्याला भिंतीवर दाबून धरतं. दुसरं, टबची पुढची बाजू काचेसारखी गुळगुळीत आहे, तिथे गॅस्केट, म्हणजे फ्लॅन्जखालची रबरी चकती, छान बसतं. मागे फायबर, खडबडीत, डोंगरदऱ्या. त्यावर सील म्हणजे नशिबाचा भाग. आणि तिसरं लोकांना माहीतच नसतं, भोकाची कापलेली कड उघडी असते, पाणी तिथे पोचलं की फायबरच्या तंतूंमधून वातीसारखं चढतं आणि भलतीकडेच बाहेर येतं. म्हणून तुमचं पाणी वारुळाच्या बुडातून निघतंय.

शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही. तुमचा दुसरा आणि तिसरा थर नुसते वर बसलेत. आणि सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, बाहेरून आत, दिवसाला साधारण २-३ मिलीमीटर. जाड गोळा केला तर वरून कातडी धरते आणि आत आठवडाभर लोणी.

टेफ्लॉन टेपचं म्हणाल तर ती निमुळत्या आट्यांसाठी, जिथे आटेच पाणी अडवतात. जेटचे आटे सरळ असतात, त्यांचं काम फक्त फ्लॅन्ज भिंतीवर ओढून दाबायचं, पाणी अडवायचं काम गॅस्केटचं. टेप गुंडाळली तर काही फायदा नाही, उलट जास्त आवळलं जातं आणि ॲक्रिलिकला तडा जातो.

सिंकखाली वापरतात ती प्लंबर पुट्टी पण नको, तिच्यातलं तेल ॲक्रिलिक आणि एबीएस प्लास्टिकला खातं, हळूहळू केसांसारखे तडे पडतात. जोडणीवर काम करताना सॉल्व्हंट सिमेंटचा थेंब टबवर पडू देऊ नका, तोही तसाच शत्रू.

आधी रंगाची परीक्षा करा. पंप बंद, एमसीबी पाडून, पाणी पूर्ण शांत होऊ द्या. सिरिंजमध्ये खायचा रंग घट्टसर कालवा आणि फ्लॅन्जच्या कडेने अगदी हळू, दाब न देता सोडत जा. जिथे गळती असेल तिथे रंग आपोआप आत ओढला जाईल. मग बोलू.

टबकरी

निवृत्तकाका, एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. पेन्सिलची परीक्षा झाली, शेवटी पाणी जेटांच्या खालच्या ओठाशी येऊन थांबलं, त्याच्या खाली इकडची तिकडे नाही. म्हणजे पंप आणि ड्रेन सुटले.

रंगाचं मात्र डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास बसला नसता. तिसऱ्या जेटभोवती गोल फिरवत रंग सोडला, सगळीकडे तो ढगासारखा तरंगत राहिला आणि घड्याळात पाच वाजतात त्या जागी आल्यावर त्या ढगातून एक लाल दोरा निघाला, अगदी शिवणाच्या दोऱ्याएवढा, आणि सरळ फ्लॅन्जखाली गेला. दोन मिनिटांनी मागे वाटीत गुलाबी थेंब.

आता उघडायचं कसं?

निवृत्त_फिटर

पाणी काढून टाका, जेट कोरडं होऊ द्या. पुढचं गोल फिरणारं तोंड ओढलं किंवा फिरवलं की निघतं, त्याच्या आत फ्लॅन्जच्या तुकड्याला खाचा दिसतील. तो तुकडा मागच्या बॉडीत आट्यांनी बसलेला असतो. खाचांत काहीतरी अडकवून उलटा फिरवा, पण मागे एका माणसाने बॉडी घट्ट धरलीच पाहिजे, नाहीतर बॉडी पण फिरेल आणि चिकटवलेले पाइप मुळातून पीळ खाऊन तुटतील. मग तुमचा एक लिटरचा प्रश्न शंभर लिटरचा होईल.

काढल्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, प्लास्टिकच्या पट्टीने, लोखंडी पट्टीने पुढे ओरखडे पडतील आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला पाट. थिनर, ॲसिटोन काही नको, ॲक्रिलिक पांढरं पडतं. साबणाचं पाणी, कोरडं फडकं, शेवटी स्पिरिटचा हलका हात. भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघा काही टोचतंय का.

गॅस्केट नवीन घ्या, जुनं परत नको, ते दाबून चपटं झालेलं असतं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येत नाही ते. फ्लॅन्जच्या मागे पातळ रेघ, त्यावर गॅस्केट, गॅस्केटवर परत पातळ रेघ, आणि ओलं असतानाच बसवा. ओलं सिलिकॉन वंगणासारखं काम करतं, फ्लॅन्ज फिरवताना गॅस्केट त्याच्याबरोबर ओढलं जात नाही. कोरडं बसवलं की हमखास पीळ बसतो. हाताने घट्ट, मग पाव वळसा, बस. सगळीकडून सिलिकॉनची सारखी बारीक रेघ बाहेर आली की झालं. एका बाजूने ढीग आणि दुसरीकडे काहीच नाही असं दिसलं तर गॅस्केट सरकलंय, परत काढा. कंपनीच्या कागदात गॅस्केट मागे लावा असं असेल तर मात्र कागदाचं ऐका, काही जेट तशी बनवलेली असतात.

चौकस_मांजर

धाग्यावर डोकावतेय. आमच्याकडे जेट टबच्या कोपऱ्यात वक्र भागावर आहे, तिथे पण हेच का?

निवृत्त_फिटर

वक्र भागावर सपाट गॅस्केट दोन टोकांना टेकतं आणि मध्ये फट राहते. थोडी वक्रता असेल तर जाड मऊ गॅस्केट ती फट भरून काढतं. जास्त असेल तर ते जेट तिथे बसवायलाच नको होतं, पण आता बसवलंय तर सिलिकॉन जरा सढळ हाताने. आवळून आवळून भिंत सरळ करायला जाऊ नका, होत नाही, फुटते.

गळकी_बादली

आणि ज्यांचा सिमेंटचा, टाइल लावलेला स्पा आहे त्यांनी? तिथे तर मागे जाताच येत नाही.

निवृत्त_फिटर

तो वेगळाच कारखाना आहे. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, गुळगुळीत पाइप काँक्रीटमध्ये घातला की त्याच्या अंगाने पाणी जाणारच. म्हणून पाइपाच्या कमरेला पडल फ्लॅन्ज, म्हणजे रुंद चकती असलेला तुकडा, काँक्रीट भरतानाच गाडतात, पाण्याची वाट तिथे अडते. नंतर आठवण झाली तर भोवती खणून न आकसणारं ग्राउट भरायचं आणि वॉटरप्रूफिंग फिटिंगच्या अंगावर चढवून घ्यायचं. स्वतंत्र धागा काढा, इथे टबकरींचं जेट उघडं पडलंय.

टबकरी

उघडं पडलंय हे अगदी बरोबर. काल केलं एकदाचं.

खाचांसाठी हत्यार नव्हतं म्हणून लाकडाच्या पट्टीला दोन खिळे ठोकून पाना बनवला. बायको पॅनलच्या बाजूला आडवी पडून बॉडी धरून बसली आणि मी टबात बसून फिरवत होतो, दोघांनी एकमेकांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. निघालं एकदाचं.

आणि कारण मिळालं! गॅस्केट पुढेच होतं, बरोबर जागी, पण पाच वाजताच्या ठिकाणी त्याची आतली कड दुमडलेली, चादरीचं टोक गादीखाली दुमडतो तशी. का दुमडली म्हणून भोकावरून बोट फिरवलं तर टचकन लागलं. भोक पाडताना ॲक्रिलिकचं एक कुसळ कडेला वर वळून राहिलं होतं, नखाएवढं, ते कोणी साफ केलंच नाही. आवळताना गॅस्केट त्याच्यात अडकलं आणि दुमडलं. बाकी गोल अगदी व्यवस्थित. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते तसंच होतं आणि मी मागे वारूळ बांधत बसलो.

कुसळ ब्लेडने कापलं, बारीक पॉलिश पेपर दोन बोटांनी फिरवला, नवीन गॅस्केट, न्यूट्रल सिलिकॉन, हाताने घट्ट आणि पाव वळसा. रेघ सगळीकडून सारखी आली, फोटो काढून ठेवलाय इतकं समाधान झालं. आता किती वेळ थांबू?

निवृत्त_फिटर

पातळ थर आहे, २४ तासांत पुरे, पण फ्लॅन्ज आणि भिंतीच्या मध्ये दाबलेल्या सिलिकॉनला हवा कमी मिळते म्हणून ४८ द्या. पहिल्यांदा गार पाणी, पंप बंद, मागे टिश्यू पेपर चिकटवून. ओला झालेला टिश्यू लांबून दिसतो. मग पंप, मग गरम पाणी. आणि ते मागचे पाइप नुसते हवेत लोंबत असतील तर त्यांना क्लॅम्पचा आधार द्या, भरलेल्या पाइपाचं वजन सतत जेटला खाली ओढत राहतं. तुमची गळती खालच्या बाजूलाच होती हे विसरू नका.

टबकरी

चार दिवस झाले. टिश्यू कोरडा. गरम पाणी, पंप, सगळं करून झालं, वाटी रिकामी. क्लॅम्प दोन मारले.

फक्त एक गोष्ट. हौस म्हणून बाकीच्या जेटांना पण सिरिंज लावली तर पाच नंबरच्या जेटला रंग हलकासा आत जातोय, मागे अजून थेंब नाही. तोच ड्रिल, तोच माणूस, दुसरं काय. बायको विचारतेय की आता सहाच्या सहा काढायची का, म्हणजे तिला एकदाच काय ते आडवं पडता येईल.

निवृत्त_फिटर

वहिनींना सांगा, फक्त पाच नंबर. ज्यात रंग जात नाही ती उघडायची नाहीत, बसलेलं गॅस्केट एकदा सैल केलं की परत तसं बसत नाही, मग विनाकारण सगळीच नवीन घालत बसावं लागतं. पाच नंबरला भोकाची कड आधी बघा, तिथेही कुसळ सापडेल असं मला वाटतंय. सापडलं तर इथे कळवा.