पोस्ट कोविड थकवा : कुठे दाखवावं? (चिंचवड-भोसरी, बजेट महिना २ हजार)

सायली_चिंचवड (जुलै २०२२)
जानेवारीच्या लाटेत मिस्टरांना कोविड झाला. घरीच बरे झाले. पण अजून बादलीभर कपडे वाळत घातले की दुसऱ्या दिवशी अंथरुणात. एचआरसीटी (छातीचं स्कॅन), रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. भोसरीला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहेत, दिवसभर उभं काम, पगार १९ हजार, रजा संपल्या. चांगली ओपीडी सुचवा. महिना दोन हजार, औषधं धरून.

कोथरूडचा_दादा
फुल बॉडी चेकअप करा. मी केला, साडेनऊ हजार, घरी येऊन रक्त नेतात.

सायली_चिंचवड
दोन हजार लिहिलंय हो.

कोथरूडचा_दादा
तब्येतीपुढे पैसा बघू नये.

मिरजकर
रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही असं नव्हे. छातीच्या ओपीडीत सहा मिनिटं चालायची टेस्ट करायला सांगा. आणि घरी फुकट : झोपून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं, दर मिनिटाला. तीस किंवा जास्त वाढली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. माझ्या बहिणीची ७४ वरून ११८.

सूर्यनमस्कारवाला
रोज बारा घाला. मीही कोविडनंतर घातले, महिन्यात टुणटुणीत.

मिरजकर
अहो, कपडे वाळत घालून झोपतोय माणूस! अशांना जोर करून कोसळायला होतं. दमायच्या आधी थांबायचं.

गुळवेल_प्रेमी
गुळवेलीचा काढा, सकाळ-संध्याकाळ.

अनामिक७
काढ्याने मला पित्त झालं, तो वेगळा धागा काढा.

एमआयडीसी_भोसरी
पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात का बघा. पगार २१ हजारांच्या आत आहे, कापत असणारच. त्यांच्या दवाखान्यातून आजारपणाचं सर्टिफिकेट घ्या. ७० टक्के पगार मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता भरलेला हवा. सुरुवातीचे दोन दिवस धरत नाहीत. आणि हे पैसे चालू असताना कामावरून काढता येत नाही, कायद्यातच आहे. एचआर आपणहून सांगणार नाही. मला टायफॉईडला मिळाले, तीन चकरा झाल्या.

कोथरूडचा_दादा
त्या रांगेत उभं राहून धडधाकट माणूस आजारी पडेल.

एमआयडीसी_भोसरी
म्हणून नंबर ताईंनी लावायचा, मिस्टरांनी मागून रिक्षाने यायचं. घडीचं स्टूल न्या.

पिंपळेकर
मी म्हणतो एकदा फुल बॉडी चेकअप करून टाका.

सायली_चिंचवड (आठ दिवसांनी)
नाडी मोजली : ७८ वरून १०९. कागद घेऊन सोमवारी ईएसआयच्याच दवाखान्यात जातोय. रजा मात्र मिस्टर नको म्हणाले. सुपरवायझरशी बोलून क्वालिटीला बसून काम घेतलंय, १६ हजारांवर.

एमआयडीसी_भोसरी
अहो, घरी पडून १३ हजार आले असते!

सायली_चिंचवड
हिशेब केला. १३ मध्ये भाडं आणि गाडीचा हप्ता बसत नाही.